मरत मरत उजवीकडे

पडद्यावर जंगल आहे. काळंकुट्ट. खोडांच्या मागे धुक्यासारखा राखाडी उजेड, आणि जुन्या फिल्मवर असतात तसे बारीक दाणे त्या उजेडावर सतत थरथरतायत. खेळ सुरू झालाय की अजून लोड होतोय, समजत नाही. बाण नाहीत, 'पळण्यासाठी हे दाबा' अशी सूचना नाही. नववीतल्या माझ्या भाच्याने पाच-सात सेकंद वाट पाहिली आणि फोन माझ्यापुढे धरला. "मामा, हँग झालाय."

"कुठेतरी बोट लाव."

त्याने लावलं. गवतात दोन पांढरे ठिपके उघडले. मिचकले. मग ठिपक्यांभोवतीचं डोकं वर आलं, मागोमाग अंग, आणि एक लहान मुलगा उठून उभा राहिला. मुलगा म्हणजे नुसती काळी आकृती. नाक नाही, तोंड नाही, कपड्यांचा रंग नाही. डोळे तेवढे पांढरे. भाच्याने त्याला लगेच उजवीकडे पळवलं.

उजवीकडे जायचं हे त्याला कोणी सांगितलं? कोणीच नाही. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'पासून धावण्या-उडण्याच्या खेळांत पुढे म्हणजे उजवीकडे, अशी रीतच पडून गेली. नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्ही गेमची कॅसेट काढून, फुंकून, पुन्हा खोचून मारिओ खेळला, त्यांच्या अंगठ्यात ती मुरलेली आहे. भाच्याच्या अंगठ्यातही ती कुठून तरी उतरलीच. हे या खेळाच्या कर्त्यांना पक्कं माहीत होतं. सुरुवातीलाच उलटं, डावीकडे चालत गेलात तर तिथे एक चमकतं अंडं पडलेलं सापडतं. ते पायाखाली फुटलं की 'रॉंग वे' नावाचं बक्षीस मिळतं. वाट चुकल्याबद्दल बक्षीस! पण पहिल्या खेपेला डावीकडे जातंय कोण?

खेळाचं नाव 'लिंबो'. लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. नावाकडे मी नंतर येतो. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमधल्या 'प्लेडेड' या छोट्या कंपनीने तो केला आणि २१ जुलै २०१० रोजी एक्सबॉक्स ३६० वर तो पहिल्यांदा आला. पुढे प्लेस्टेशन, कॉम्प्युटर, आयफोन, अँड्रॉइड असं करत तो जवळजवळ प्रत्येक यंत्रावर पोचला. जातीने तो कोड्यांचा प्लॅटफॉर्म गेम. फळ्या, खड्डे, शिड्या, दोर असलेल्या जगातून एका माणसाला बाजूने बघत न्यायचं, हा प्लॅटफॉर्म गेम. त्यात नुसती चपळाई पुरत नाही, थांबून डोकं चालवावं लागतं, तेव्हा तो कोड्यांचा. लिंबोतल्या मुलाला येतं काय? चालणं, उडी, चढणं, आणि एखादी वस्तू धरून ढकलणं-ओढणं. बस. मारिओ स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट उडतो. हा बिचारा जेमतेम आपल्याइतकी उडी मारतो, आणि खाली आला की अंगाला वजन आहे हे जाणवतं.

भाच्याने पाच-सहा मिनिटं त्याला बरा नेला. उतारावरून घसरवला, दोराला लोंबकळवला. मग गवतात काहीतरी दातेरी होतं. त्याला ते गवतच वाटलं. खट्! अस्वलं पकडायचा लोखंडी सापळा मिटला, मुलाचं डोकं धडावेगळं झालं, आणि ते दोन पांढरे ठिपके विझले. कसलंही संगीत वाजलं नाही. 'गेम ओव्हर' आलं नाही. दोन-तीन सेकंदांनी मुलगा सापळ्याच्या चार पावलं अलीकडे पुन्हा उभा होता.

भाचा काही क्षण गप्प. मग म्हणाला, "मामा, किती लाइफ आहेत याला?"

मोजलेल्या नाहीत, म्हणालो.

"आणि पॉइंट कुठे दिसतात?"

पॉइंटही नाहीत.

लिंबोतलं मरण हे बाकीच्या खेळांतल्या मरणापेक्षा वेगळं आहे, आणि ते कसं हे कळण्यासाठी 'लाइफ' ही भानगड मुळात आली कुठून ते बघावं लागेल. ती आली गल्ल्यातून. १९८१ साली निन्टेन्डोचा 'डाँकी काँग' आला. शिगेरू मियामोतोने रचलेल्या या खेळात एक सुतार लोखंडी तुळयांवरून चढत, गडगडत येणारी पिंपं ओलांडत वर जातो. तो ज्या यंत्रावर खेळायचा, त्याला नाणं घालायची फट होती. नाण्याला तीन जीव. ते लवकर संपले तर मालकाचा फायदा, फारच लवकर संपले तर गिऱ्हाईक परत येणार नाही. म्हणजे खेळणारा किती वेळाने मरावा हा हिशेब धंद्याचा होता. पुढे यंत्रं घरात आली, नाण्याची फट गेली, पण तीन जीव मात्र सवयीने राहिले. आपल्याकडच्या पार्लरमध्ये ज्यांनी टोकन घेऊन मागच्या पोराचे टोमणे ऐकत खेळलंय, त्यांना मेल्यावर खिसा चाचपण्याची हालचाल अजून आठवत असेल.

१९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ने हा हिशेब एका बाजूने मोडला. जॉर्डन मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उडी मारायला, लोंबकळायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्या चित्रांवरून राजपुत्राची हालचाल काढली. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा अडखळतो. त्याला जीव कितीही, पण वेळ साठ मिनिटं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासात बेसिक शिकायच्या नावाखाली हा खेळ किती खेळला गेला याची मोजदाद नाही, पण जमिनीतून वर येणारे ते सुळे त्या पिढीतल्या बहुतेकांना आठवतात.

त्याहून जवळचा पूर्वज म्हणजे १९९१ चा 'अनदर वर्ल्ड'. फ्रान्सच्या एरिक शाहीने तो जवळजवळ एकट्याने केला. सुरुवातीलाच नायक एका परक्या जगातल्या पाण्यात बुडत असतो. हे नाटुकलं संपून आपली पाळी कधी येणार म्हणून तुम्ही हात बांधून बसलात, तर खालून तंतू येतात आणि तुम्ही संपता. म्हणजे खेळ कधीच सुरू झालेला असतो. ना गुणांची पाटी, ना सूचना. लिंबोने ही शिकवण उचलली आणि टोकाला नेली.

आता कोपनहेगन. आर्न्ट येन्सन हा चित्रकार, 'हिटमॅन' हा खेळ काढणाऱ्या 'आयओ इंटरॅक्टिव्ह' या कंपनीत कामाला होता. मोठ्या कंपनीतलं काम त्याला मानवेना. २००४ च्या आसपास तो स्वतःसाठी काही चित्रं काढू लागला: एक अंधारी, कुणाला न सापडणारी जागा. लहानपणी तो ज्या आडबाजूच्या शेतावर वाढला, त्याच्या आसपासचं रान त्या चित्रांत उतरलं. कोळ्यांची त्याला स्वतःला भीती, म्हणून कोळी आला. प्रोग्रॅमिंग जेमतेम येत असूनही त्याने व्हिज्युअल बेसिकमध्ये खेळ स्वतःच लिहून पाहिला, तो जमला नाही. मग २००६ मध्ये त्याने शक्कल लढवली. खेळ नसताना खेळाची एक छोटी चित्रफीत केली आणि एखादा प्रोग्रॅमर सापडेल या आशेने इंटरनेटवर टाकली. लोकांची तिच्यावर उडी पडली. डिनो पट्टी येऊन मिळाला, दोघांनी प्लेडेड काढली. आधी पदरचे पैसे, मग नॉर्डिक देशांकडून खेळांसाठी मिळणारी सरकारी मदत, मग गुंतवणूकदार. खेळ विकला गेल्यावर २०११ मध्ये त्यांनी गुंतवणूकदारांकडून कंपनी परत विकत घेतली.

लिंबोची गोष्ट सांगताना बहुतेकजण त्याच्या चित्रांपाशी थांबतात. चित्रं सुंदर आहेतच. २०१० च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये दृश्यकलेचं पारितोषिक त्याला मिळालं, आणि तांत्रिक कौशल्याचंही. पण माझ्या मते या खेळातली खरी कारागिरी मरणात आहे. कर्ते स्वतः त्यांच्या पद्धतीला गमतीने 'ट्रायल अँड डेथ' म्हणत. इथे मरण म्हणजे शिक्षा नाही, ते वाक्य आहे. सापळ्याने डोकं उडवलं, याचा अर्थ 'गवताकडे नीट बघ'. दगड अंगावर आला, याचा अर्थ 'वरही बघत जा'. पाट्या लावून जे शिकवता आलं असतं ते खेळ मारून शिकवतो, आणि दोन-तीन सेकंदांत परत उभं करतो, म्हणजे शिकलेलं ताजं असतानाच वापरता येतं. मरण स्वस्त आहे म्हणून चालतं. आणि दिसायला इतकं भयंकर आहे म्हणून लक्षात राहतं. या दोन गोष्टी एकत्र बांधणं वाटतं तेवढं सोपं नाही. मरण महाग आणि भयंकर असेल तर माणूस खेळ बंद करतो, स्वस्त आणि गोंडस असेल तर बेफिकीर होतो. (कोणाला रक्तपात बघवत नसेल तर तो झाकण्याची सोय खेळात आहे. ती मी बहिणीला दाखवली, भाच्याला नाही. त्याने ती स्वतःच शोधली आणि बंद ठेवली.)

कोळ्याचंच बघा. जंगलात जरा आत गेलं की झाडामागून एक पाय बाहेर येतो, झाडाएवढा. मुलगा जवळ गेला की वरून भाल्यासारखा खुपसतो. भाच्याने पहिल्यांदा सरळ पळून बघितलं: मेला. उडी मारून बघितलं: मेला. पाय वर जातो त्या क्षणी खालून निसटायचं बघितलं: तेही नाही. चौथ्या वेळी तो जवळ गेला आणि घाबरून मागे सरला, कोळ्याचा पाय जमिनीवर आपटला, आणि मागच्या झाडात काहीतरी हललं. "मामा, ते काय आहे वर?" झाडात सापळा अडकला होता. तोच, ज्याने मघाशी डोकं उडवलं होतं. कोळ्याला अजून एकदोनदा आपटायला लावलं की तो हादऱ्यांनी खाली पडतो. मग त्याला मागून ढकलत कोळ्याच्या पायाखाली न्यायचा. खट्! पाय तुटतो. भाचा गादीवर उभा राहिला.

या कोड्याची मूळ रचना वेगळी होती. आधीच्या आराखड्यात सापळा बराच मागे, वेगळ्याच ठिकाणी होता आणि तिथून तो कोळ्यापर्यंत आणायचा होता. खेळून बघणाऱ्यांपैकी कोणाला ते सुचेना. समोर कोळी असताना मागे परत जावंसं कुणाला वाटेल? म्हणून सापळा कोळ्याच्याच दृश्यात आणला गेला. प्लेडेडची रीत अशी होती की कोडं रचताना खेळणाऱ्याला हाडवैरी समजायचं आणि जमेल तितकं अवघड करायचं. मग त्यालाच मित्र समजून हळूहळू खुणा ठेवत जायचं. इकडे एक आवाज, तिकडे एक हालचाल. झाडातला सापळा हलतो तो मित्राचा हात. वाईट कोड्याच्या खेळात सुटल्यावर वाटतं, 'हे कोणाला कळणार होतं!' आणि लिंबोत वाटतं, 'समोर तर होतं.'

सापळ्याने पहिल्यांदा मुलाला मारलं, मग मुलाने सापळ्याने कोळ्याचे पाय तोडले. पुढे तोच कोळी पुन्हा गाठतो, जाळ्यात गुंडाळून लटकवतो, पाठलाग करतो. शेवटी त्याचा एकच पाय उरलेला असतो आणि वाटेत सुळ्यांचा खड्डा. मुलगा तो पाय धरून ओढतो, उपटतो, आणि उरलेलं गोल धड ढकलत नेऊन खड्ड्यात लोटतो, त्यावरून पलीकडे जातो. हे करायला दुसरा मार्ग नाही. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा बटन सोडून दिलं होतं थोडा वेळ. ज्याची दहा मिनिटं भीती वाटली त्याची दया येते, आणि हात तर आपलाच असतो.

काळ्या आकृत्यांनी गोष्ट सांगणं ही युक्ती जुनी. जर्मनीत लोटे रायनिगरने १९२६ मध्ये कात्रीने कापलेल्या आकृत्यांचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आख्मेद' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ राखला आहे. पण पडद्यामागच्या सावलीत बघणाऱ्याला काही करायचं नसतं. खेळात करायचं असतं, आणि मग अडचण येते. सगळंच काळं असेल तर कुठल्या काळ्यावर उभं राहता येतं, कुठलं काळं जीव घेतं आणि कुठलं नुसतं झाड आहे, हे कळणार कसं? लिंबोने याची उत्तरं रंगाशिवाय शोधली. ज्याला हात लावता येतो ते सगळं एकाच स्पष्ट, काळ्या पातळीवर. मागचं सगळं धूसर राखाडी. आणि जिथे डोळा हरतो तिथे कान.

खेळाचा ध्वनी मार्टिन स्टिग अँडरसनचा. ऑरहुसच्या संगीत अकादमीत शिकलेला हा माणूस मुळात अशा संगीताचा, ज्यात आवाज ऐकू येतो पण तो कशाचा हे दिसत नाही आणि सांगितलंही जात नाही. लिंबोसाठी त्याने आवाज जुन्या यंत्रांतून काढले. तारेवर ध्वनी मुद्रित करणारी, टेपच्या आधीची यंत्रं त्यात होती. त्यातून गेलेला आवाज झिजतो, ओळखीचा राहत नाही. वारा की यंत्र, श्वास की पाणी, हे नक्की सांगता येत नाही. भीतीच्या प्रसंगी व्हायोलिन वाजवून 'आता घाबरा' असं सांगायचं त्याने टाळलं. त्यामुळे घाबरायचं कधी, हे आपलं आपण ठरवतो आणि सहसा गरजेपेक्षा आधीच घाबरतो. भाच्याला मी इयरफोन लावायला लावले तेव्हा त्याचा खेळ अर्ध्याने सुधारला.

पुढे एका ठिकाणी इमारतीवर निऑनची मोठी अक्षरं आहेत: 'हॉटेल'. अक्षरांवरून चालत जायचं. ती मध्येच पेटतात, मध्येच विझतात, आणि पेटलेल्या अक्षराला पाय लागला की विजेचा झटका. हा झगडा निम्मा कानाने खेळायचा, त्या गुणगुणण्याच्या चढउतारावर. अख्ख्या खेळात वाचता येईल असं जवळजवळ एवढंच, आणि तेच जीव घेतं. हा योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही.

पण मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो किडा. छतावरून एक चमकता पांढरा किडा मुलाच्या डोक्यावर पडतो आणि डोक्यात रुततो. तिथून पुढे मुलगा एकाच दिशेने चालत सुटतो. तुम्ही उलटं बटन दाबाल तर तो मंदावतो, पण वळत नाही. प्रखर उजेड अंगावर पडला तरच वळतो. म्हणजे आता कोडं असं, की स्वतःच्या पायांवर ताबा नसलेल्या माणसाला उजेड आणि भिंती वापरून मरणापासून कसं वाचवायचं. सुटका कशी होते? छताला चिकटलेले काही जीव असतात, त्यांच्या खालून गेलं की ते किडा ओढून खातात. भाच्याने पहिल्यांदा किडा पडल्यावर फोनची काच पुसली. बोट चिकटतंय असं वाटलं त्याला. अर्धा तास ज्या मुलाला आपलाच समजून चालवला, तो आपलं ऐकत नाहीये, हे पचायला वेळ लागतो.

आता तक्रार. लिंबोचा पहिला अर्धा भाग म्हणजे जंगल, कोळी, आणि सापळे लावून बसलेली काही काळी पोरं. ही पोरं कोण ते कळत नाही. त्यांनी लाकडी पायांचा खोटा कोळी बनवून ठेवलेला असतो, भीती घालायला. इथपर्यंत गोष्ट आहे, वैर आहे, न सांगितलेली काहीतरी हकीकत आहे. मग कारखाना लागतो. दातेरी चक्रं, लोहचुंबक, खाली-वर उलटणारं गुरुत्वाकर्षण, फिरणाऱ्या खोल्या. कोडी आधीपेक्षा अवघड आणि काही फार देखणी आहेत, पण जंगलातलं मरण वैऱ्याच्या हातचं होतं, कारखान्यातलं यंत्राच्या. करवतीला तुमचा राग नसतो. तिसऱ्यांदा करवतीत सापडल्यावर मला भीती वाटणं बंद झालं, चिडचिड सुरू झाली, आणि मुलगा पुन्हा नुसतं प्यादं झाला. त्या काळी अनेक समीक्षकांची तक्रार दुसरी होती: पंधरा डॉलर घेऊन खेळ चार-पाच तासांत संपतो. माझ्या दृष्टीने चार-पाच तास ठीक होते. उलट कारखाना थोडा आटोपता आला असता.

एक मात्र कबूल करतो. कारखाना नसता तर 'नो पॉइंट इन डाइंग' नावाचं बक्षीस इतकं कठीण झालं नसतं. एका बैठकीत, जास्तीत जास्त पाच वेळा मरून, पूर्ण खेळ संपवला तर ते मिळतं. जो खेळ मरत मरत शिकवतो, त्याच्यातच शेवटी जवळजवळ न मरता जाऊन दाखवायचं. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा आकडा शंभराच्या पुढे कधीच गेला होता. "म्हणजे पॉइंट नाहीत असं नाव आहे त्याचं?" त्याने विचारलं. एका अर्थाने तेही बरोबरच.

मुलगा जातोय कुठे? खेळाच्या जाहिरातीत एकच ओळ होती, तिचा आशय असा की बहिणीचं काय झालं हे माहीत नसलेला मुलगा लिंबोत शिरतो. खेळात तेही सांगितलेलं नाही. आता नाव. लॅटिन 'लिंबस' म्हणजे कड, किनार. कॅथलिक विचारात नरकाच्या कडेची ही जागा; बाप्तिस्मा न होताच गेलेली तान्ही मुलं, ज्यांचं स्वतःचं पाप काही नाही पण स्वर्गाचं दारही उघडं नाही, त्यांच्यासाठी कल्पिलेली. वसईत किंवा गोव्यात ज्यांच्या आजीने धर्मशिक्षणाचे पाठ करून घेतले, त्यांच्या कानावरून हा शब्द गेला असेल. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने २००७ मध्ये मांडलं की अशा बालकांच्या मुक्तीची आशा धरायला जागा आहे, आणि लिंबोची जुनी कल्पना तारणाकडे फार संकुचित नजरेने बघते. योगायोग असा की तेव्हा कोपनहेगनमध्ये हा खेळ घडत होता.

मराठीत लिंबोला आपण पटकन 'त्रिशंकू' म्हणून टाकतो. ते मला पटत नाही. त्रिशंकूने सदेह स्वर्गात जायचा हट्ट धरला, विश्वामित्राने जोर लावला, इंद्राने ढकलला, आणि तो खाली डोकं वर पाय लटकला. त्याच्या लटकण्यामागे हट्ट आहे, भांडण आहे, थोडा विनोदही आहे. लिंबोतल्या पोराने काहीच मागितलेलं नाही. तो गवतात झोपला होता.

प्लेडेडचा पुढचा खेळ 'इनसाइड', २९ जून २०१६ चा, हा या एकाच धाग्याचा पुढचा पीळ आहे. त्यातही एक मुलगा, तोही उजवीकडे पळणारा, पण इथे थोडा रंग आहे आणि माणसांची टोळीच्या टोळी बाहुल्यांसारखी चालवली जाते. डोक्यावरच्या टोपाने मुलगा त्यांना चालवतो. आपण मुलाला चालवतो. लिंबोतला किडा इथे सबंध खेळ झाला आहे. अँडरसनने या खेळाचे कितीतरी आवाज खऱ्या मानवी कवटीतून जाऊ देऊन मुद्रित केले. आपण आपला आवाज हाडांतून ऐकतो, तसे ते आतून आल्यासारखे ऐकू येतात. आणि एक बारीक गोष्ट: इनसाइडमध्ये मुलगा मेला तरी आवाज पहिल्यापासून सुरू होत नाही. एका टप्प्यावर स्फोटांचे धक्के ठरावीक तालात येत असतात, तुम्ही त्यात मरता, परत उभे राहता, आणि ताल मध्ये कुठेही तुटलेला नसतो. जगाला तुमच्या मरण्याचा पत्ताच नाही. लिंबोत मरण वाक्य होतं. इथे ते वाक्यातला स्वल्पविरामही राहत नाही.

लिंबोतल्या, बहिणीला शोधणाऱ्या मुलाची आठवण मला २०२० मध्ये पुण्यात झाली. तिथल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने केलेल्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक'मध्ये राजी नावाची मुलगी धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. तो खेळ वेगळ्या जातीचा: देवदेवता, राजस्थानी वाडे, त्रिशूळ, आणि भरपूर बोलणं. लिंबोशी त्याची तुलना करायला मी बसलो तर दोन्हींवर अन्याय होईल. पण भावंडांपैकी एकजण हरवतं आणि दुसरं निघतं, एवढ्यावर खेळाला पाय फुटतात, हे कोपनहेगनला खरं आहे आणि पुण्यालाही.

आता शेवट. ज्यांना खेळायचंय त्यांनी इथे थांबावं.

मुलगा यंत्रांच्या शेवटच्या गुंत्यातून वेगाने फेकला जातो आणि एका काचेसारख्या पडद्यातून आरपार जातो. काच फुटते, तुकडे हवेत सावकाश तरंगतात, आणि तो जमिनीवर येऊन पडतो. पुन्हा जंगल. पुन्हा डोळे उघडतात. तो उठतो, या वेळी तुम्हीच त्याला सावकाश चालवता, कारण घाई करण्यासारखं काही वाटत नाही. पुढे झाडावरून खाली आलेली शिडी, आणि तिच्याजवळ पाठमोरी बसलेली एक मुलगी, मातीत काहीतरी खेळत. तो तिच्यामागे येऊन थांबतो. ती एकदम ताठ होते, चाहूल लागल्यासारखी. अंधार. नावं.

भाचा म्हणाला, "एवढंच?" मी काही बोललो नाही. काहीजण म्हणतात तो मेलेला आहे, काही म्हणतात ती. काही म्हणतात दोघंही झाडावरच्या घरातून पडली. काच म्हणजे मोटारीची काच, असाही एक पक्ष आहे. प्लेडेडने यातल्या कुणाच्याच पारड्यात वजन टाकलेलं नाही.

नावं संपली आणि खेळ मेनूवर परत आला. भाचा फोन खाली ठेवणार होता, मी त्याचा हात धरला. मेनूच्या मागे चित्र असतं. तेच झाड, तीच जागा. शिडी जुनी, मोडकी झालेली. मुलगी नाही, मुलगा नाही. जिथे ती बसली होती आणि जिथे तो येऊन थांबला होता, त्या दोन जागी जमिनीवर काहीतरी पडलंय, आणि दोन्हींवर माश्या घोंगावतायत. पहिल्या दिवशीही हेच चित्र समोर होतं. तेव्हा आम्ही सुरुवात कुठून करायची ते शोधत होतो.